नावात हललेला स्वर

इलेक्ट्रिक गिटारचे एक ट्रेमोलो पेडल आम्ही नुकतेच वाजवून पाहिले. फिरवण्याची बटणे दोनच: एक वेगाचे, दुसरे तीव्रतेचे. स्वराची उंची कायम राहते. आवाज तेवढा लयीत चढतो-उतरतो.

१९४० च्या दशकात अमेरिकेतील डीआर्मंडच्या उपकरणात हे काम एक विद्युतवाहक द्रव करीत असे. मोटर द्रवाची डबी हलवी. द्रव उसळून आतल्या खिळ्याला भिडला की विद्युतसंकेताचा काही अंश वाटेतच गळे आणि आवाज उतरे. १९५५ मध्ये बो डिडलीच्या वादनाने हा कंप घरोघरी पोचवला.

नावांची कथा मात्र वेगळी आहे. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवरील, स्वराची उंची हलवणाऱ्या दांड्याला फेंडर कंपनीने ‘ट्रेमोलो’ म्हटले. आणि १९६० च्या दशकातील आपल्या अनेक अँप्लिफायरांवर, आवाज हलवणाऱ्या सोयीला ‘व्हायब्रॅटो’. संगीतकोशाच्या दृष्टीने दोन्ही नावे उलटी. तरीही दांड्याचे ते नाव वादकांच्या तोंडी आजही टिकून आहे.

साहित्यातील संज्ञा शिकवताना आपण व्युत्पत्तीपाशी थांबतो. तेथून पुढे वापराने त्या संज्ञेचे काय केले, हेही विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.