संजीवनी आणि गुडघा

कबड्डीच्या इतिहासात संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन जुने प्रकार सांगितले जातात. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा उठतो. गामिनीत एकदा बाद झालेल्या गड्याला आपला सगळा संघ बाद होईपर्यंत रेषेबाहेर बसावे लागते. अमर प्रकारात बाद झालेला गडीही मैदान सोडत नाही, केवळ गुण मोजला जातो. विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात महाराष्ट्रात या हुतूतूचे नियम बांधले गेले. १९२३ साली बडोद्यात अखिल भारतीय स्पर्धा झाली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. आजच्या कबड्डीने गडी पुन्हा उठण्याचा नियम जपला आहे. पुराणातल्या कच-शुक्राचार्यांच्या विद्येचे नाव ज्या खेळातल्या एका प्रकाराला मिळाले, त्या खेळात मरणे आणि जिवंत होणे ही मिनिटामिनिटाची गोष्ट आहे. ज्याचा गुडघाच मोडला, त्याच्या उठण्याविषयी मात्र नियमपुस्तक काही सांगत नाही.

हा विचार आमच्या मनात आला तो उलव्यात. जुने उलवे गाव विमानतळासाठी हलले, अटल सेतूने मुंबई जवळ आणली, मोकळ्या जागांवर इमारती उभ्या राहिल्या. तरी हिवाळ्यात प्रकाशझोतातले कबड्डीचे सामने या परिसरातून गेलेले नाहीत. आम्हा दोघांच्या वर्गातला एक विद्यार्थी असाच चढाई करताना पकडीत सापडला आणि त्याच्या गुडघ्यातले लिगामेंट तुटले. शस्त्रक्रिया झाली, ती यशस्वीही झाली. आम्ही त्याला भेटायला घरी गेलो आणि शिक्षकांनी जे बोलावे असे मानले जाते तेच बोललो : "जिद्द सोडू नकोस." तो हसला, पण बोलला नाही. पुढे काही महिन्यांनी, वर्ग सुटल्यावर, त्याने खाली बघत सांगितले, "सर, पाय दुखत नाही आता. पाय टाकायची भीती वाटते." मैदान टाळण्यासाठी तो स्टेशनला लांबच्या रस्त्याने जातो, हेही तेव्हाच कळले.

आम्ही भाषेचे शिक्षक आहोत, वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. पण त्या दिवशी आपण वापरलेला शब्द चुकला, एवढे आम्हांला कळले. आणि आपल्याकडच्या क्रीडाकथा दुखापतीविषयी काय सांगत आल्या आहेत, हे पाहावेसे वाटले.

खाशाबा जाधवांपासून सुरुवात करू. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकतो. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९५५ साली ते पोलीस दलात जातात आणि पुढे गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची वाट बंद होते. त्यांच्या चरित्रपर लेखांत प्रवासखर्चासाठीची वणवण, लोकवर्गणी, गावातली मिरवणूक हे सारे तपशिलाने येते. गुडघा मात्र एका वाक्यात येतो आणि जातो. तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या मल्लाला आपल्याला पुन्हा त्या आखाड्यात उतरता येणार नाही हे कधी उमगले असेल, त्या दिवसांत तो तालमीकडे फिरकला असेल का, हे विचारण्याची रीत तेव्हा नव्हती.

मुंबईच्या विजय मर्चंटांचे उदाहरण त्याआधीचे, १९५१ चे. दिल्लीच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध चाळिसाव्या वर्षी त्यांनी १५४ धावा केल्या. ती त्यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी आणि तीच शेवटची कसोटी. क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि कारकीर्द संपली. इथेही इतिहास धावसंख्येपाशी थांबतो. तरी या नावाची एक गाठ पुढच्या कथेशी बसते. अपंगांसाठी काम करणाऱ्या मर्चंटांच्या संस्थेने ज्या खेळाडूला हात दिल्याचे सांगितले जाते, तो खेळाडू म्हणजे मुरलीकांत पेटकर.

पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्याच्या ईएमई दलात असताना ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९६८ च्या तेल अवीव पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले आणि १९७२ साली हायडलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. त्यांच्या आयुष्यावरचा चित्रपट आला २०२४ साली.

ही कथा सांगताना गोळ्या आणि पदक यांमधली सात वर्षे बहुधा एका परिच्छेदात उरकली जातात, आणि त्या परिच्छेदात 'जिद्द' हा शब्द हमखास असतो. वास्तविक त्या सात वर्षांत एका मुष्टियोद्ध्याचा मृत्यू झाला आहे. हायडलबर्गला पोहला तो दुसरा खेळाडू होता. पहिल्याचे दुःख पुरते उरकल्यावर दुसरा जन्मला, की दोघे बराच काळ एकाच देहात भांडत राहिले? खरे तर कथेचा गाभा तिथे आहे.

हायडलबर्गपर्यंत पोहोचणारी वाट ज्यांनी आखली, त्या डॉक्टरांना हे ठाऊक होते. इंग्लंडमधील स्टोक मँडेविल रुग्णालयात १९४४ पासून लुडविग गुटमन कण्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करत होते. अशा रुग्णांना त्याआधी अंथरुणातच मरणाची वाट पाहत ठेवले जाई. गुटमननी त्यांच्या हाती खेळ दिला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, १६ जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा झाली आणि तिच्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. स्नायू बळकट करण्याइतकाच माणसाला आपण अजून कोणीतरी आहोत याचा पुरावा देणे, हा त्या उपचाराचा हेतू होता.

मराठी माणसाच्या तोंडून दुखापतीची आतली बाजू मोठ्या प्रमाणावर ऐकू आली ती फार पुढे, सचिन तेंडुलकरांच्या निमित्ताने. मे २००५ मध्ये लंडनला त्यांच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर मुलाची प्लॅस्टिकची बॅटही उचलता येत नव्हती, असे त्यांनीच पुढे सांगितले. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत खुद्द वानखेडेवर त्यांची हुर्यो उडवली गेली. आडनावातला पहिला अक्षर काढून त्यांच्या शेवटाची कोटी करणारा मथळाही त्याच दिवसांतला. मग खांद्याची शस्त्रक्रिया आणि सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १४१. आपण १४१ लक्षात ठेवतो. प्लॅस्टिकच्या बॅटची आठवण सांगणाऱ्याने मात्र आपल्यासाठी एक दार किलकिले केले. २०२१ मध्ये त्यांनी सामन्यांआधीच्या अस्वस्थतेविषयी आणि झोप न लागलेल्या रात्रींविषयी उघडपणे सांगितले, तेव्हा ते दार आणखी उघडले.

मानसशास्त्राने या प्रदेशाला स्वतःचे शब्द दिले आहेत. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली मरणासन्न रुग्णांसंबंधी मांडलेल्या शोकाच्या अवस्था पुढे जखमी खेळाडूंनाही लावून पाहिल्या गेल्या. पण माणसे अशा ठरलेल्या पायऱ्यांनी चालत नाहीत, असेच दिसून आले. १९९३ मध्ये ब्रिटन ब्रुअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'खेळाडू म्हणून असलेली ओळख' मोजण्याची श्रेणी मांडली. जो स्वतःला फक्त खेळाडू मानतो, त्याच्याकडून दुखापत सगळेच काढून घेते. गुडघ्याच्या त्याच शस्त्रक्रियेसंबंधीच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८१ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतले, पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्के आणि स्पर्धात्मक खेळात ५५ टक्के. शरीराच्या ताकदीबरोबरच मनाची सज्जता ही परतण्याशी निगडित असल्याचेही त्यात आढळले. आमचा विद्यार्थी म्हणत होता ते याहून निराळे नव्हते.

आता त्या शब्दाविषयी. 'जिद्द' हा शेवटाकडून मागे पाहणाऱ्याचा शब्द आहे. पदक हाती आल्यावर निवेदक मागे वळतो आणि सगळ्या काळोख्या महिन्यांवर तो शब्द पांघरतो. पण जो त्या महिन्यांत आहे त्याला कथेचा शेवट ठाऊक नसतो. आपण पेटकरांच्या कथेत आहोत की खाशाबांच्या, हे त्याला कोण सांगणार? त्याला जिद्द सोडू नकोस म्हणताना आपण नकळत असेही सुचवतो की परतला नाहीस तर दोष तुझाच. खाशाबांची जिद्द कमी पडली असे म्हणण्याचे धाडस आपण करू काय? साहित्याच्या विद्यार्थ्यांना निवेदनाचा काळ आणि अनुभवाचा काळ यांतला भेद शिकवणाऱ्या आम्हांला तो एका अंथरुणाशेजारी बसून आठवला नाही, ही आमची चूक.

असो. त्या मुलाला आम्ही गेल्या महिन्यात एकच विनंती केली : शस्त्रक्रियेपासून आजवरचे जे आठवते ते लिही, शेवट लिहू नकोस. त्याने दीड पान आणून दिले. त्यात कुबडी ठेवायला दारामागे केलेली जागा आहे, रात्री दूरवरून ऐकू येणारी शिट्टी आहे, आणि मित्र भेटायला आले की टीव्हीचा आवाज वाढवणारी आई आहे. 'जिद्द' हा शब्द त्यात नाही. तो अजून मैदानात उतरलेला नाही. उतरेल की नाही, हे आम्ही त्याला विचारलेले नाही.