पाटणचा मठ आणि तेलाची पळी

मंडळी, चाळीसगावाहून सातमाळ्याच्या डोंगराकडे निघालात की पाच-सहा कोसांवर पाटणे हे गाव लागते. पुढे डोंगरी नदीकाठी चंडिकेचे देऊळ आहे. आपण सारे तिला पाटणादेवी म्हणतो. नवरात्रात तिथे रीघ लागते. नारळ फुटतो, कुंकू वाहिले जाते अन् माणसे घरी परततात. पण या देवळातल्या शिलालेखाची कथा फार थोड्यांना ठाऊक असते.

आज जिथे रान आहे तिथे एके काळी भरल्या बाजाराचे नगर होते. देवगिरीच्या यादवांचे मांडलिक निकुंभ राजे तिथे नांदत. त्यांपैकी इंद्रराजाने शिवालय बांधायला घेतले आणि मध्येच तो वारला. मुलगा लहान, तेव्हा राणी श्रीदेवीने कारभार हाती घेतला. शके १०७५ च्या लेखात ही हकिकत आहे.

देवीच्या देवळातला लेख त्यानंतर पन्नासेक वर्षांचा. त्यात चांगदेव नावाचा ज्योतिषी आहे. हा चांगदेव म्हणजे योगी चांगदेव नव्हे बरं का! हा सिंघण यादवाचा ज्योतिषी आणि ‘लीलावती’कार भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणि’ आणि इतर ग्रंथ मुलांनी शिकावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. निकुंभ राजा सोईदेव याने श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, त्या मठाला दान दिले. लेखात शक ११२८ पडला आहे; पण संवत्सर आणि ग्रहण यांचा मेळ घातला की इंग्रजी तारीख ९ ऑगस्ट १२०७ निघते. ग्रहणाचे गणित शिकवणाऱ्या शाळेची तारीख ग्रहणानेच पक्की करून द्यावी, हे मला तरी मोठे गमतीचे वाटते.

आता खरी गोष्ट ऐका. लेखाचा बराच भाग संस्कृत श्लोकांत आहे. पण मठाला कोणी काय द्यायचे ही यादी येते तिथे भाषा एकदम मराठी होते. ज्याने द्यायचे त्याला कळायला नको का? बाजारात गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाला लावून दिला. गिऱ्हाइकाने पाच सुपाऱ्या द्यायच्या. आणि जितके तेलाचे घाणे चालतील तितक्या पळ्या तेल, दर घाण्यामागे एक पळी! त्या तेलाने मठातले दिवे जळत असतील, पोरे त्या उजेडात ‘लीलावती’तली उदाहरणे सोडवत असतील. घाण्याला बैल जुंपणाऱ्या तेल्याला त्यातले एकही सूत्र येत नसेल; पण त्याची पळी त्या विद्येत होती.

भास्कराचार्य याच गावचे, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. शिक्षकबंधूंनी मात्र जरा जपून सांगावे. त्यांनी स्वतः आपले गाव सह्याद्रीतले विज्जडविड असे लिहिले आहे आणि ते नेमके कुठले यावर विद्वानांचे एकमत नाही. मठ पाटणचा, एवढे दगडावर कोरलेले आहे.

पुढे नगर उठले, बाजार मोडला, मठही गेला. मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला आणि १८६५ साली त्याची माहिती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. आता हा परिसर गौताळा अभयारण्यात मोडतो. शाळेची सहल न्याल तेव्हा धबधबा दाखवाच. पण पोरांना त्या पळीची गोष्टही सांगा, आणि गावात पूर्वी तेलघाणा कोणाकडे होता, ते घरी आजोबांना विचारायला लावा.