गणपती कारखाने, पेण

रायगड जिल्ह्यातील पेण शहर व परिसरात गणेशमूर्ती घडविण्याची ठिकाणे. मोठ्या शेडपासून घराच्या पडवीपर्यंत सर्वांना इथे एकच शब्द आहे : कारखाना.

भोगावती नदीकाठच्या पेणमध्ये हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजला. त्याच्या आरंभाशी देवधर घराण्याचे नाव जोडले जाते. 1893 नंतर सार्वजनिक गणेशोत्सव पसरला, मुंबईची मागणी वाढली आणि काम शहराबाहेर हमरापूर, जोहे या गावांत गेले. आता पेणच्या मूर्ती परदेशातील मराठी घरांतही जातात.

जुन्या कारखान्याची वास्तू म्हणजे कोकणी घरच. उतरते कौलारू छप्पर, ओटी, पडवी, वर माडी. ही रचना मूर्तीसाठी मुद्दाम केलेली नव्हती, पण शाडूच्या मातीला ती मानवली. शाडूची ओली मूर्ती उन्हात ठेवली तर तडकते. तिला सावलीत, सावकाश सुकावे लागते. कौलांखालची मंद हवा हेच काम करते. भिंतीलगत आढ्यापर्यंत फळ्यांच्या मांडण्या असतात आणि डोळ्यांच्या आखणीची बैठक उजेडाजवळ, दारात किंवा खिडकीपाशी. पावसाळ्यात मात्र दमट हवेत माती आणि रंग दोन्ही लवकर वाळत नाहीत, म्हणून ओले काम आधी उरकलेले बरे. नव्या पत्र्याच्या, ताडपत्रीच्या शेडमध्ये जागा भरपूर मिळते. जुन्या घरातला गारवा मिळत नाही.

शाडू गुजरातेतून येतो. मळलेली माती साच्यात दाबतात, भाग जोडतात, सांधे पुसून कोरणीने साफ करतात. सुकल्यावर पांढऱ्या रंगाचा हात, मग अंगकांती, पितांबर आणि शेवटी डोळ्यांची आखणी. पेणचे नाव झाले ते या आखणीमुळे. साचा कुणालाही विकत घेता येतो. नजर रेखणारा हात वर्षानुवर्षांच्या सरावानेच तयार होतो.

शाडूऐवजी वापरले जाणारे प्लॅस्टर ऑफ पॅरिस काही मिनिटांत घट्ट होते, मूर्ती हलकी व स्वस्त पडते. त्यामुळे उत्पादन अफाट वाढले. पण ते पाण्यात सहज विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याला मनाई केली. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती बनविण्यास मुभा दिली. नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनावरचे निर्बंध मात्र राहिले.

आता कारखान्यांच्या जुन्या वास्तूंविषयी. याच जिल्ह्यातील रायगड आणि कुलाबा हे किल्ले संरक्षित स्मारके आहेत. प्राचीन स्मारकांविषयीचा 1958 चा केंद्रीय कायदा किमान शंभर वर्षे जुन्या वास्तूंचा विचार करतो. वयाच्या हिशेबाने पेणमधला हा व्यवसायही त्या मर्यादेपलीकडचा आहे. जुनी कौलारू घरे पाडण्याआधी निदान त्यांचे नकाशे, मोजमापे आणि साच्यांची नोंद व्हायला हवी. हे काम नगरपालिकेने व स्थापत्य महाविद्यालयांनी मिळून हाती घ्यावे.

कारखाना पाहायचा असेल तर आषाढात जावे. तेव्हा मांडण्या भरलेल्या असतात आणि आखणी चालू असते.