शेळीच्या उदरातील पहारेकरी

माल्टा बेटावर पूर्वी शेळ्यांचे कळप दारोदार हिंडवीत आणि गिऱ्हाइकासमोरच दूध काढून देत. त्याच बेटावरील इंग्रज शिपाई एका चिवट तापाने महिनोन्‌महिने खितपत पडत. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली त्या तापाचे जंतू शोधून काढले. परंतु ते येतात कोठून, हे उमगेना. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्याच वैद्यांनी शेळ्यांचे रक्त तपासले आणि उलगडा झाला. धडधाकट दिसणाऱ्या शेळ्याच ते जंतू बाळगून होत्या! १९०६ साली छावणीत ते दूध बंद झाले आणि ताप झपाट्याने ओसरला.

मग, श्रोतेहो, शेळीच्या देहात पहारेकरी नव्हते काय? होते. जंतू गिळून टाकणाऱ्या पेशींचे कार्य इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ साली मेसिना येथे, तारामाशाच्या डिंभात काटा खुपसून, प्रथम ओळखले होते. अशा भक्षक पेशी शेळीच्या गर्भाशयातही असतात आणि बाहेरून शिरलेल्या जंतूंचा समाचार घेतात.

परंतु येथेच एक कोडे उभे राहते. करडू निम्मे बापाचे. म्हणजे आईच्या पहारेकऱ्यांना ते निम्मे परकेच. मग ते त्याला हुसकून का लावीत नाहीत? सस्तन प्राण्यांविषयीचा हा प्रश्न पीटर मेडावर यांनी १९५३ साली नेमका मांडला. उत्तराचा एक धागा असा, की अंडाशयातील पीतपिंडातून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन गर्भ टिकवते, तसेच गर्भाशयातील पहाऱ्याचा कडवेपणाही सौम्य करते. शेळीला गाभणपणाचे सुमारे १५० दिवस या पिंडाचाच आधार असतो.

पाहुण्याला जपणाऱ्या या घरातच माल्टाचा चोर शिरतो. भक्षक पेशीने गिळले तरी तो मरत नाही. तिच्याच पोटात वाढतो. शेळीच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची शर्करा असते. ती त्याला फार मानवते, असे १९६० नंतरच्या संशोधनात दिसून आले. तो तेथे माजतो आणि शेळी गाभडते.

धनगराचे एक करडू जाते, हे नुकसान तर खरेच. पण ती वार तो उघड्या हातांनी उचलतो, तेव्हा तोच ताप त्याच्याही घरी येऊ शकतो. दूध उकळून प्यावे आणि गाभडलेल्या शेळीची वार उघड्या हाताने उचलू नये, एवढे साधे शहाणपण या दीर्घ संशोधनाने आपल्या पदरात टाकले आहे.