न्गोझी ओकोंजो-इवेला यांची जागतिक व्यापार संघटनेच्या महासंचालकपदासाठीची उमेदवारी

नायजेरियाच्या माजी अर्थमंत्री न्गोझी ओकोंजो-इवेला यांनी २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या महासंचालकपदासाठी उमेदवारी केली. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांची नियुक्ती झाली. या पदावरील त्या पहिल्या महिला व पहिल्या आफ्रिकी व्यक्ती होत.

== पार्श्वभूमी ==
ब्राझीलचे रॉबेर्तो आझेव्हेदो यांनी मुदतीच्या एक वर्ष आधी, ३१ ऑगस्ट २०२० रोजी हे पद सोडले. त्यासाठी ८ उमेदवार पुढे आले. ओकोंजो-इवेला यांनी पूर्वी जागतिक बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकपदी काम केले होते. २०१२ मध्ये त्या बँकेच्या अध्यक्षपदासाठी मात्र त्यांची निवड झाली नव्हती.

== निवडप्रक्रिया ==
या पदासाठी सहसा मतदान होत नाही. प्रत्येक सदस्य देशाची पसंती खासगीत विचारली जाते आणि कमी पाठिंबा असलेले उमेदवार टप्प्याटप्प्याने गळतात. अंतिम नियुक्तीला सर्वसहमती आवश्यक असल्याने एकाच देशाचा विरोधही ती रोखू शकतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये ओकोंजो-इवेला आणि दक्षिण कोरियाच्या व्यापारमंत्री यू म्यंग-ही या दोघीच उरल्या. २८ ऑक्टोबर रोजी ओकोंजो-इवेला यांच्या नावाची शिफारस झाली. परंतु व्यापारक्षेत्रातील प्रत्यक्ष अनुभवाचा मुद्दा पुढे करून अमेरिकेच्या ट्रम्प प्रशासनाने यू यांना पाठिंबा दिला. परिणामी नियुक्ती रखडली आणि कोविड-१९ च्या साथीत संघटना महासंचालकाविना राहिली.

== निर्णय ==
५ फेब्रुवारी २०२१ रोजी यू यांनी माघार घेतली व बायडेन प्रशासनाने ओकोंजो-इवेला यांना पाठिंबा दिला. त्यांनी १ मार्च २०२१ रोजी पदभार स्वीकारला. बहुसंख्य सदस्यांची पसंती लाभूनही सर्वसहमतीअभावी निर्णय कसा अडतो, हे या निवडीतून दिसून आले.