प्लेगची सक्ती आणि हातावरचे पोट

साथ आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो : माणसे वाचवायची की धंदा? मुंबईच्या प्लेगची हकिगत वाचल्यापासून मला वाटते, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाचा धंदा आणि कोणाच्या खर्चाने, हेही विचारायला हवे.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याची पेठ. बातमी फुटताच युरोपातली बंदरे मुंबईच्या मालाकडे संशयाने पाहू लागली. व्यापार अडेल, ही सरकारला धास्ती पडली. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा झाला. घरे तपासणे, रोगी उचलून नेणे, आप्तांना छावणीत ठेवणे, कपडेलत्ते जाळणे सुरू झाले. त्या वर्षी हजयात्राही थांबवली गेली. म्हणजे हे कडक निर्बंध व्यापाराच्या आड येणारे नव्हते. बऱ्याच अंशी ते व्यापार वाचवण्यासाठीच होते.

झळ मात्र हातावर पोट असणाऱ्यांना बसली. लोकांना प्लेगइतकीच इस्पितळाची भीती वाटे. ऑक्टोबर १८९६मध्येच गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला होता. पुढे काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर ओस पडले. एरवी महिन्याचा पगारही रखडवणारे गिरणीमालक तेव्हा रोजच्या रोज मजुरी मोजू लागले. नाक्यानाक्यावर कामगारांची बोली लागली. रोख पैशाने माणूस थांबतो, हे सर्वांनी पाहिले. पण तो पैसा चाती फिरती ठेवण्यासाठी होता. आजाऱ्याला निश्चिंतपणे घरी निजता यावे म्हणून कोणी तो दिला नाही.

९ मार्च १८९८ रोजी रिपन रोडवर मुसलमान विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला पथक आले. घरच्यांनी विरोध केला, दंगल पेटली, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसे मेली. या विणकरांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण ज्याचे घर हाच कारखाना, त्याच्या घरात शिरणे म्हणजे त्याच्या अब्रूत आणि भाकरीत एकदम शिरणे होते. त्यानंतर सरकारने सक्तीचा हात सैल केला. जातीजमातींच्या इस्पितळांना वाव मिळाला, त्या त्या समाजातल्या वडीलधाऱ्यांची मदत घेतली जाऊ लागली. जे दंडुक्याने जमले नव्हते, ते काही अंशी विश्वासाने जमले.

हाच १८९७चा कायदा मार्च २०२०मध्ये करोनासाठी पुन्हा बाहेर काढला गेला. टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत अमलात आली. मग हमरस्त्यांवर डोक्यावर बोचकी घेतलेली माणसे पायी गावाकडे निघालेली आपण पाहिली. निर्बंध नकोच होते, असे मी म्हणणार नाही. साथीत ते लागतातच. पण घरी थांब म्हणणाऱ्याने चूल पेटती ठेवण्याची हमीही त्याच दिवशी द्यायला हवी. ती आधी दिली, तर दाराशी शिपाई उभा करण्याची वेळ फारशी येत नाही.