पणजीचं नाव कुठं गेलं?

सप्टेंबर 2023 मध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि तेव्हापासून आपल्या बार्शी तालुक्यातच काय, साऱ्या महाराष्ट्रात लोक जुनी दप्तरं धुंडाळायला लागलेत. पत्रकार म्हणून मला आठवड्याला दोन-चार फोन ठरलेले. "दादा, आमच्या पणजोबाची नोंद कुठं मिळंल?" मराठा समाजातल्या माणसाला 'कुणबी' हा एक शब्द हवा असतो. बाकीच्यांचीही सुटका नाही. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950. पोराच्या अॅडमिशनचा प्रश्न असतो, त्यामुळं लोक शोधतात यात गैर काहीच नाही.

पण तो शब्द सापडला की गठ्ठा परत बांधला जातो. उरलेलं पान कुणी वाचत नाही. मला आता ते उरलेलं पान वाचायचा नाद लागलाय.

सगळ्यात आधी बघायचं ते कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंदवही. लिपी मोडी. आडनाव पुष्कळदा नसतंच. अमुक बिन तमुक, एवढ्यावर भागवलेलं. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव शोधू नका. बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली, त्यामुळं बापाचं नाव आणि पुढं 'मुलगा' किंवा 'मुलगी', बास. म्हणून आज्या-पणज्याचं नाव नि त्याच्या बापाचं नाव, दोन्ही पाठ असल्याशिवाय जाऊच नका. पणजीचं माहेर परांड्याकडचं असेल तर आणखी पंचाईत. बार्शी इंग्रजांची, परांडा निजामाचं. तिकडं 'बिन'च्या जागी 'वलद', कागद बऱ्याचदा उर्दूत आणि साल फसली. फसली 1340 म्हणजे आपलं 1930-31. ढोबळ मानानं 590 मिळवायचे.

आता बायकांचं बघा. जन्मताना ती 'मुलगी'. लग्नानंतर 'अमक्याची बायको'. मेल्यावरही पुष्कळ ठिकाणी तसंच. मधल्या सगळ्या आयुष्यात तिचं नाव कागदावर यायला काहीतरी अरिष्ट यावं लागतं.

असं अरिष्ट 1918 साली आलं. एन्फ्लुएंझा. त्या साली ऑक्टोबरची पानं उघडा. एरवी महिन्याला दोन-चार मृत्यू लिहिणाऱ्या गावात ओळीमागून ओळी, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द: ताप, ताप, ताप. सरकारी नोंदीत या साथीतले बहुतेक मृत्यू तापाखालीच गेले, त्यामुळं 'एन्फ्लुएंझा' हा शब्द शोधत बसाल तर हाती काही लागायचं नाही. त्या सालचा केसरी, ज्ञानप्रकाश काढून बघा. तुमच्या पणजोबाचं नाव त्यात नसणार, साध्या कुळंब्याचं नाव छापणार कोण? पण त्या महिन्यात काय चाललं होतं, दाणागोटा किती महागला होता, ते कळतं. तेव्हा कुठं कोतवाल बुकातल्या त्या एका शब्दाला अर्थ येतो.

मग पुढच्या दोन-तीन वर्षांचे फेरफार काढायचे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा 1903 चा, त्यामुळं ते मिळण्याची शक्यता असते. तिथं दिसतं: खातेदार मयत, वारस मुलं अज्ञान, आणि पुढं 'अ.पा.क. आई'. अज्ञान पालनकर्ती. इथं पहिल्यांदा तिचं स्वतःचं नाव येतं. जमीन तिची नव्हेच. मुलांच्या वतीनं नाव लागलं, इतकंच. पण सारा तिनं भरला, वाटेकरी तिनं बघितला, सावकाराला तोंड तिनं दिलं. दहा-बारा वर्षांनी आणखी एक फेरफार येतो: अज्ञान सज्ञान झाला, सबब अ.पा.क. शेरा कमी केला. एका ओळीत ती आली, एका ओळीत गेली.

अशी ओळ मी एका वाचकाला दाखवली. साठीचा माणूस. म्हणाला, "आमच्यात तर सांगतात, चुलत्यानं शेत राखलं." घरात सांगितलेली गोष्ट आणि कागद यांत कागदच नेहमी खरा असतो असं माझं म्हणणं नाही. तलाठीही माणूसच होता. पण इथं बाईचं नाव शाईनं लिहिलेलं होतं आणि चुलत्याचं कुठंच नव्हतं.

तर मंडळी, अभिलेख कक्षात जाल तेव्हा नक्कल फक्त हव्या त्या ओळीची मागू नका, फेरफारही मागा. मोडी येत नसेल तर वाचणारे आहेत, मेसेज करा, गाठ घालून देतो. आणि कुणाच्या माळ्यावर 1960 च्या आधीच्या जिल्ह्यातल्या साप्ताहिकांच्या फायली असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला घालायच्या आधी मला एक फोन करा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.